शिकलेल्यामागे उभी असलेली माणसे

आपल्याकडची कोणतीही स्मरणिका, गौरव अंक किंवा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वाटलेली पुस्तिका उघडली, की एक गोष्ट हमखास वाचायला मिळते. घरात अठराविश्वे दारिद्र्य, पायात वहाण नाही, रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात अभ्यास, आणि तरीही जिद्दीने शिकून नोकरीला लागलेले वडील, आजोबा किंवा आत्या. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ही गोष्ट नसलेले शिकलेले घर क्वचितच सापडेल. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या भागांतून भरल्या ओढ्यांतून वाट काढत शाळा गाठलेली एक अख्खी पिढी आज साठीच्या पुढे आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या गोष्टींचे मोल फार वाटते. सरकारी दप्तरात आपल्या माणसांची नोंद गुन्हा, कर्ज किंवा वेठ यांच्या निमित्तानेच व्हायची. आपल्या शिक्षणाचा इतिहास घराघरांतल्या अशा आठवणींतच साठवलेला आहे.

परंतु ही गोष्ट आपण ज्या पद्धतीने सांगतो, त्याबद्दल माझा एक आक्षेप आहे. आपण ती एकट्या माणसाची गोष्ट म्हणून सांगतो. एक गरीब मुलगा होता, त्याच्यात जिद्द होती, तो शिकला. या मांडणीत त्या मुलाचे मोठेपण दिसते. पण त्याच्या मागे उभी असलेली माणसे आणि त्याला आधार देणाऱ्या संस्था दिसेनाशा होतात. माझे म्हणणे असे, की गरीब घरातल्या पहिल्या शिकलेल्या माणसाचे शिक्षण ही त्याची एकट्याची कमाई कधीच नसते. त्यात घरातल्या न शिकलेल्यांचे श्रम, एखाद्या वसतिगृहाचे छप्पर आणि समाजाने लढून मिळवलेली एखादी सवलत यांचा वाटा असतो. तो वाटा नोंदवला नाही, तर इतिहास अपुरा राहतोच. शिवाय आज शाळेबाहेर असलेल्या मुलाकडे पाहण्याची आपली नजरही बिघडते.

हा हिशेब कसा ठेवावा, याचा धडा आपल्याला खुद्द बाबासाहेबांनी घालून दिलेला आहे. १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा अर्थशास्त्रावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. लंडन विद्यापीठाच्या डी. एस्सी. पदवीसाठी लिहिलेला तो प्रबंध. त्याची अर्पणपत्रिका आई-वडिलांच्या स्मृतीला आहे, आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाचा व दाखवलेल्या जाणतेपणाचा त्यात कृतज्ञतेने उल्लेख आहे. चलनव्यवस्थेवरच्या ग्रंथाचे पहिले पान आई-वडिलांच्या ऋणाची नोंद करून उघडते, ही बाब आपण पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

तो त्याग कोणता होता, हे चरित्रग्रंथांतून आणि बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणींतून आपल्याला माहीत आहे. मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत कुटुंब राहत होते. सुभेदार रामजींच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनात दोन मुलांचे हायस्कूलचे शिक्षण झेपेना, तेव्हा आनंदराव या थोरल्या भावाची शाळा थांबली आणि ते कामाला लागले. धाकट्या भीमरावांची शाळा चालू राहिली. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले, की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात. मुलीकडे रोख पैसे नसले, तर तिचा एखादा दागिना गहाण पडे, आणि निवृत्तिवेतन आले की सोडवला जाई. मंजुळा आणि तुळसा या बहिणींना स्वतःला शाळा लाभली नाही. पण भावाच्या हाती पुस्तक पडले ते त्यांच्या अंगावरच्या दागिन्यांतून. आई भीमाबाई १८९६ सालीच वारल्या होत्या. मुलांना आत्या मीराबाईंनी सांभाळले. पुढे बाबासाहेब लंडनला अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला गेले, तेव्हा मुंबईतला संसार रमाईंनी कमालीच्या हलाखीत रेटला. त्यांच्या निधनानंतर ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला.

बाबासाहेबांची प्रज्ञा अलौकिक होती, यात वाद नाही. परंतु त्या प्रज्ञेला कोलंबिया विद्यापीठापर्यंत पोचण्यासाठी आनंदरावांची थांबलेली शाळा, बहिणींचे दागिने आणि महाराजा सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती हे सर्व लागले. एवढ्या थोर बुद्धीला जर एवढा आधार लागला, तर आपल्यासारख्या सामान्यांनी ‘मी माझ्या हिमतीवर शिकलो’ असे म्हणताना क्षणभर थांबायला हवे.

माझ्या घरातला हिशेबही याहून निराळा नाही. माझे वडील आमच्या भावकीतले पहिले मॅट्रिक. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सारे तात्या म्हणत असू, चौथीनंतर शाळेत गेले नाहीत. भाताची कापणी उरकली की माळरानावरचे गवत कापायचे, पेंढ्या बांधायच्या आणि व्यापाऱ्याच्या वखारीत पोचवायच्या, हे त्यांचे काम. त्या मजुरीतून वडिलांची वह्या-पुस्तके आली. वडील शिक्षक झाले आणि गावात सत्कार झाला, त्या दिवशी तात्या मांडवात पाणी वाटत होते. तुम्हाला शिकावेसे वाटले नाही का, असे मी एकदा त्यांना विचारले होते. ते म्हणाले, “दोघं शाळंत गेलो असतो तर दोघंबी उपाशी राहिलो असतो.” या उत्तरात तक्रार नव्हती, पण एका वाक्यात त्यांनी आमच्या घराचे अर्थशास्त्र सांगितले होते.

या अर्थशास्त्राचे परिणाम एका पिढीत संपत नाहीत. आम्ही भावंडे पदवीधर झालो. तात्यांच्या मुलांची शाळा सातवीपुढे सरकली नाही. एका घराच्या दोन चुली झाल्या, आणि एका चुलीवर पगार आला, दुसऱ्या चुलीवर मजुरीच राहिली. दोन्ही घरांतल्या मुलांच्या बुद्धीत फरक होता असे मला कधीही वाटले नाही. फरक होता तो एवढाच, की एकाच्या शिक्षणाची किंमत दुसऱ्याने मोजली होती. आज तात्यांची नात परिचारिकेचे शिक्षण घेते आहे, आणि तिचे शुल्क आम्ही चुलत भावंडे वाटून भरतो. त्याला मदत म्हणायचे नाही, परतफेड म्हणायचे, असा आमच्या घरात ठरलेला नियम आहे.

आईच्या श्रमांचा हिशेब ठेवणारे एक मोठे पुस्तक आपल्या कोकणानेच मराठीला दिले आहे. उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ हे आत्मकथन २००३ साली प्रसिद्ध झाले. आयदान म्हणजे बांबूच्या कांब्यांपासून विणलेल्या टोपल्या, सुपे, रोवळ्या. रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावचे हे कुटुंब. वडील शिक्षक होते. मुलांना शिकवायचे ही त्यांची अखेरची इच्छा. लेखिका लहान असतानाच ते गेले. त्यानंतर आईने आयदाने विणून, विकून मुलांना शाळेत ठेवले. ती मुलगी पुढे एम. ए. झाली, सरकारी नोकरीत गेली, कथाकार झाली, आणि मीनाक्षी मून यांच्यासह आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास तिने ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथातून मांडला. एवढे सारे मिळवल्यावर स्वतःची कहाणी लिहिताना तिने पुस्तकाला नाव दिले ते आईच्या विणकामाचे. शिकलेल्या माणसाने आपल्या शिक्षणाचे श्रेय कसे वाटावे, याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

परंतु घरच्यांच्या श्रमांनाही एक मर्यादा असते. भाऊ गवत कापू शकतो, आई टोपल्या विणू शकते. पण दोघे मिळून हायस्कूल गावात आणू शकत नाहीत. तिथे संस्था लागते. आपल्या चळवळीने हे फार लवकर ओळखले होते. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे हे उद्दिष्ट अग्रभागी होते. १९२५ साली सभेचे सोलापूरचे वसतिगृह सुरू झाले. १९२८ नंतर माध्यमिक शाळांतल्या विद्यार्थ्यांसाठी जी वसतिगृहे निघाली, त्यांत पनवेल, नाशिक यांच्याबरोबर आपले ठाणेही होते. सत्याग्रहाची तयारी चालू असतानाच बाबासाहेब वसतिगृहांसाठी निधी का जमवत होते, याचा विचार करून पाहावा. चौथीपर्यंतची शाळा कुठेतरी जवळपास असे. हायस्कूल मात्र शहरात असे, आणि त्या शहरात अस्पृश्य मुलाला कोणी खोली देत नसे, खाणावळीत पान वाढत नसे. म्हणजे प्रवेशाचा हक्क मिळाला तरी निजायला जागा नसल्यामुळे शिक्षण संपत असे. वसतिगृह ही त्या काळी सोय नव्हती. शिक्षणाचा हक्क प्रत्यक्षात येण्याची ती पहिली अट होती.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढण्याचा क्रम सुरू केला आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली. या सर्वांच्या कामात एक धागा समान आहे. गरीब मुलाला उपदेश करण्याआधी त्यांनी त्याच्या जेवणाची आणि झोपण्याची व्यवस्था केली.

त्यानंतर आली शिष्यवृत्ती. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. तिच्यामुळे कितीतरी खेडवळ मुलांच्या कॉलेजच्या पायऱ्या खऱ्या झाल्या. तरीही १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर एक विपरीत प्रसंग ओढवला. बौद्ध झालेल्यांच्या सवलती केंद्राच्या पातळीवर थांबल्या. महाराष्ट्र शासनाने १९६० साली आपल्या अखत्यारीतल्या सवलती दिल्या. केंद्रात मात्र हा हक्क १९९० साली परत मिळाला. मधली चौतीस वर्षे ज्यांनी बौद्ध म्हणून शिक्षण घेतले, त्यांच्या वाटेत केवळ गरिबी नव्हती, कायद्यातला एक शब्दही होता. जिद्दीच्या गोष्टीत या चौतीस वर्षांना जागा मिळत नाही. ज्यांनी मोर्चे काढून, निवेदने देऊन तो शब्द बदलून घेतला, तेही तुमच्या-माझ्या मुलांच्या पदव्यांचे वाटेकरी आहेत.

आता आपल्याच मुरबाड तालुक्यातले एक उदाहरण पाहू. फांगणे या गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टचे तिला साहाय्य. साठ ते नव्वद वर्षांच्या आजी गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर खांद्याला लावून, पाटी-पेन्सिल घेऊन दुपारी वर्गात बसू लागल्या. अंगठा उठवणारे हात सही करू लागले. देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी त्यांची छायाचित्रे छापली. हा उपक्रम मनापासून कौतुकास्पद आहे, आणि त्या आजींचे धैर्य तर त्याहून अधिक.

परंतु इतिहासाच्या शिक्षकाने तिथे एक साधे गणित मांडायला हवे. २०१६ साली नव्वद वर्षांची आजी १९२६ च्या सुमाराची, आणि साठ वर्षांची आजी १९५६ च्या सुमाराची. म्हणजे त्यांचे शाळेत जाण्याचे वय साधारण १९३२ ते १९६२ या तीस वर्षांत येऊन गेले. मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२३ साली झाला होता, पुढचा १९४७ साली झाला. संविधानाच्या मूळ कलम ४५ ने तर चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत आखली होती. ती १९६० साली संपली. त्या वर्गातली सर्वांत तरुण आजी शाळेच्या वयाला पोचली, तेव्हा ही मुदत उलटून गेली होती. साठ वर्षे तिच्यात जिद्द नव्हती आणि एकसष्टाव्या वर्षी अचानक आली, असे कोणी म्हणेल काय? जिद्द तेव्हाही होती. शाळा, वेळ आणि तिला बोलावणारे कोणी, या तिन्ही गोष्टी एकत्र यायला २०१६ साल उजाडावे लागले. त्या मधल्या साठ वर्षांत तिने भात लावला, पाणी वाहिले, मुले वाढवली, आणि त्यांतली काही शिकून शहरात गेली. त्यांच्या शिक्षणाचा खर्चही तिच्याच न मिळालेल्या शाळेतून गेला होता.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हाच हिशेब देशाच्या पातळीवर मांडला होता. सरकारी तिजोरीत भर पडते ती कष्टकरी रयतेच्या घामातून, आणि त्या पैशातून शिक्षण मिळते ते वरच्या वर्गांना, असे त्यांचे म्हणणे होते. शहापूरकरांना हे समजायला वेगळे उदाहरण नको. १८९२ पासून तानसाचे आणि पुढे भातसाचे पाणी मुंबईला पोचते आहे, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. जो पुरवतो तो कोरडा राहतो, ही रीत पाण्याची आहे तशीच शिक्षणाचीही आहे. घरातही ती आपल्या नकळत चालू राहते.

यावर काही जण विचारतील, की मग जिद्दीला काहीच किंमत नाही काय? एकाच वसतिगृहात राहिलेली दोन मुले. एक पुढे जातो, दुसरा शाळा सोडतो. प्रश्न रास्त आहे. जिद्द लागतेच. रात्रीचा दिवस कोणालाही दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही. भगवान बुद्धांनी स्वतःच्या प्रयत्नावर भर दिला, हेही खरे. पण त्याच तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त सांगितला. कोणतीही गोष्ट एकटी, आपोआप उत्पन्न होत नाही. कारणे आणि प्रत्यय जुळून आले म्हणजे ती होते. बी उत्तम असले तरी पाऊस आणि जमीन नसेल तर रोप उगवत नाही. आणि रोप उगवले नाही म्हणून बियाला दोष देणे हे अज्ञान आहे. शिक्षणाच्या बाबतीत आपण नेमके हेच अज्ञान करू लागलो आहोत, अशी मला भीती वाटते.

ही भीती निराधार नाही. आपल्याच शिकलेल्या माणसांच्या तोंडून अलीकडे एक वाक्य ऐकू येते. कातकरी वाडीतली मुले शाळेत येत नाहीत, असा विषय निघाला, की कोणीतरी म्हणतो, “त्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. आम्ही नाही का शिकलो गरिबीतून?” मित्रहो, हे वाक्य जुने आहे. शंभर वर्षांपूर्वी ते आपल्या आजोबा-पणजोबांविषयी बोलले जात होते. तेव्हा ते बोलणारे दुसरे होते, आज बोलणारे आपण आहोत. ‘मी माझ्या जिद्दीने शिकलो’ या वाक्याचा हा दुसरा अर्धा भाग आहे. पहिला अर्धा मान्य केला, की दुसरा आपोआप तोंडी येतो. मी जिद्दीने शिकलो, म्हणजे जो शिकला नाही त्याला जिद्द नव्हती.

त्या मुलाची परिस्थिती काय आहे, ते पाहावे. महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत कातकरी समाजाची गणना होते. दिवाळीनंतर वीटभट्ट्या सुरू होतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबच्या कुटुंब भिवंडी, कल्याणकडच्या भट्ट्यांवर जाते आणि पावसाच्या तोंडाशी परतते. मूल जूनमध्ये शाळेत दाखल होते, पहिले सत्र कसेबसे करते आणि दुसऱ्या सत्रात हजेरीपटावर नुसते नाव उरते. ते परत येते तेव्हा शाळेला सुट्टी लागलेली असते. शाळेचे वर्ष आणि भट्टीचे वर्ष एकमेकांच्या आड येतात. त्यात मुलाच्या आवडीनिवडीचा प्रश्न कुठे येतो? वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. पण उचलीच्या रूपाने कर्ज माणसाला बांधून ठेवते, तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या मुलाची इयत्ताही बांधली जाते.

दुसरी अडचण कागदाची. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. यातला सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. ज्या घरातला आजोबा शाळेत गेला, त्या घरातल्या नातवाचे काम सोपे होते. ज्या घरातला कोणीच शाळेत गेला नाही, त्याला ही वाट सर्वांत अवघड. म्हणजे सवलतीची गरज ज्याला अधिक, त्याच्याकडे तिच्यासाठीचा कागद कमी. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आजोबांचा पिवळा पडलेला दाखला जपून ठेवलेला असेल. तो कागद किती मोठी मालमत्ता आहे, हे ज्याच्याकडे तो नाही त्याला विचारावे.

म्हणून आपली निवासी शाळा ही माझ्या दृष्टीने केवळ निकालाच्या टक्केवारीवर मोजायची संस्था नाही. इथे एका मुलाला बारमाही छप्पर, दोन वेळचे जेवण आणि रात्री दिव्याखाली बसायला जागा मिळते. आई-वडील भट्टीवर गेले तरी ते मूल शाळेत राहू शकते. ठाण्याच्या त्या जुन्या वसतिगृहाने जे काम केले, तेच हे काम आहे. फरक एवढाच, की त्या काळी दारात उभा असलेला मुलगा आपला होता. आज दारात उभे असलेले मूल कातकऱ्याचे असेल, ठाकराचे असेल, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या एखाद्या मजुराचे असेल, कदाचित आपल्याच भावकीतल्या मागे राहिलेल्या चुलीवरचे असेल. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला, तो सहा ते चौदा वयापर्यंत. आठवीनंतर काय, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो, आणि मुलींच्या बाबतीत तो सर्वांत कठोर असतो. गावातून हायस्कूलला जायला एसटी वेळेवर नसेल, तर मुलीची शाळा सुटायला दुसरे कारण लागत नाही.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांसमोर मी काही गोष्टी ठेवू इच्छितो. त्या अवघड नाहीत.

पहिली गोष्ट, प्रत्येकाने आपल्या घरातल्या शिक्षणाचा हिशेब लिहून काढावा. कोण शिकले, याबरोबर कोणाची शाळा थांबली, कोणाचा दागिना मोडला, कोणते वसतिगृह मिळाले, कोणत्या शिक्षकाने शुल्क भरले, हे नावानिशी लिहावे. घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवरच हे होईल. आपल्या समाजाचा शैक्षणिक इतिहास उद्या कोणी लिहायला घेतला, तर त्याला या वह्या लागतील.

दुसरी गोष्ट, दहावीच्या प्रत्येक माजी तुकडीने एका विद्यार्थ्याची आठवी ते बारावीपर्यंतची जबाबदारी घ्यावी. एकदा दिलेल्या देणगीचा फोटो निघतो. पण मुलाचे शिक्षण पाच वर्षे चालते. मुलगी असेल तर अधिक चांगले. अकरावीपासून शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र योजना आहेत. परंतु त्यांचे अर्ज भरणे, उत्पन्नाचा दाखला काढणे, बँकेत खाते उघडणे हे पहिल्या पिढीच्या मुलाला एकट्याने जमत नाही. आपल्यातल्या निवृत्त कर्मचाऱ्यांनी महिन्यातून एक दिवस एवढेच काम केले, तरी कितीतरी मुले टिकतील.

तिसरी गोष्ट, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. ती आपल्या भागात दिवाळीपूर्वीच सुरू व्हावी, यासाठी ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि शहापूरचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यांच्याकडे दरवर्षी ऑगस्टमध्येच मागणी गेली पाहिजे. भट्टीचा ट्रक निघून गेल्यावर दिलेल्या निवेदनाचा उपयोग नसतो.

शेवटी एक गोष्ट. यापुढे आपल्या घरातल्या कर्तबगार व्यक्तीचा सत्कार करताना व्यासपीठावर आणखी एक खुर्ची ठेवावी, आणि तिच्यावर त्या व्यक्तीसाठी ज्याची शाळा थांबली त्या माणसाला बसवावे. ते हयात नसतील तर त्यांचे नाव मोठ्याने घ्यावे. त्याने शिकलेल्याचा मान तिळभरही कमी होणार नाही. आणि समोर बसलेल्या पोरांना कळेल, की आपल्याला शिकवणारी माणसे पुष्कळ असतात, म्हणून आपल्यालाही पुष्कळांना शिकवावे लागते.

जय भीम!